विंडोज बदलताना मराठी अक्षरे कुठे जातात?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. एकेकाळचे खेडे, आता औद्योगिक वसाहत आणि हिरे-दागिन्यांच्या उद्योगासाठी वसवलेले संकुल यांमुळे शहराला जोडले गेलेले. माझ्या मावशीचे बिऱ्हाड तिथे आहे. काका मूळचे पेडणे तालुक्यातले. हजिऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तिथेच स्थायिक झाले. गेली बारा-तेरा वर्षे रोज सकाळी संगणकापुढे बसून ते गावाकडच्या आठवणी लिहीत आले आहेत. जत्रा, दशावतार, केरी-तेरेखोलची फेरीबोट, मुक्तीच्या वेळचे दिवस. तीनशेच्या आसपास पाने झाली असतील.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी मावसभावाचा फोन आला. ‘‘ताई, बाबांचं पुस्तक गेलं.’’ संगणकावर ‘विंडोज १०चा आधार संपला’ अशी सूचना वारंवार येत होती. म्हणून त्याने तो जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने विंडोज ११ बसवून दिले. छायाचित्रे जागेवर होती, पुस्तकाची फाइलही होती. पण ती उघडली की पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि मधूनमधून चौकोन. ‘‘फाइल करप्ट झाली आहे, काही होणार नाही,’’ असे दुकानदाराचे मत पडले. काका दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, तो नवे विंडोज बसवून किती दिवस झाले, हा. तो म्हणाला, ‘‘आठ.’’ या आठ आकड्याला महत्त्व का होते, ते पुढे येईल.

अशी घरे आज गोव्यातही पुष्कळ असणार. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या छिद्रांवर ठिगळे लावण्याचे काम थांबते. बँकेचे व्यवहार आणि ईमेल ज्या संगणकावर होतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण म्हणून त्याच आठवड्यात संगणक दुकानात टाकून यावा, इतकी घाईही नव्हती. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेण्याची अधिकृत सोय आहे. विंडोज १०ची शेवटची म्हणजे ‘२२एच२’ ही आवृत्ती संगणकावर असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. संगणकाची सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवली, तर वेगळे पैसे पडत नाहीत. तसे नको असेल तर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन भरावे लागते. हा पर्याय माझ्या मावसभावाला कुणी सांगितला नव्हता. दुकानदाराला ठाऊक होता की नाही, कोण जाणे.

मुखवटा हरवलेली अक्षरे

काकांची फाइल करप्ट झालेली नव्हती. तिच्यातला एकही वर्ण इकडचा तिकडे झालेला नव्हता. हरवला होता तो फक्त फॉन्ट.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानायचे, हे आधी ठरलेले असते. इंग्रजीची ही वाटणी फार पूर्वीच ठरली. देवनागरीला जगभर मान्य असे स्वतःचे आकडे मिळाले ते युनिकोडमध्ये, १९९१ साली. आणि विंडोजमध्ये देवनागरी अंगभूत आली ती ‘विंडोज २०००’पासून, ‘मंगल’ या फॉन्टसह. पण छपाईचे काम त्यासाठी थांबणारे नव्हते. त्या काळातील मराठी सॉफ्टवेअरांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांसाठी राखीव असलेल्या घरांत देवनागरीचे आकार नेऊन बसवले. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षर दाबता आणि तेच साठवले जाते. पडद्यावर मात्र त्या घरातला ‘क’ किंवा काना दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम प्रणाली, टंकलेखन करणाऱ्यांच्या हातात बसलेला कृतिदेव हे सारे याच वाटेने गेले. त्यातही प्रत्येकाची घरे निराळी. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये लावला, तर मराठी दिसते खरी, पण ती कोणत्याही भाषेची नसते.

म्हणजे असा दस्तऐवज हा मुखवटा घातलेला इंग्रजी मजकूर असतो. फॉन्ट आहे तोवर मुखवटा आहे. संगणक नव्याने मांडला, जुना फॉन्ट मागे राहिला, की मुखवटा गळतो आणि खालचा चेहरा दिसतो. मराठी वृत्तपत्रे, पंचांगे, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवस्थानांची इतिवृत्ते, भजनी मंडळांच्या संहिता असा कितीतरी मजकूर या मुखवट्याआड तयार झाला. देवनागरी कोकणीचीही तीच कथा. आमच्या व्यवसायात ही सवय लांबली, याचे एक कारण पेजमेकर. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. युनिकोड देवनागरी तिला जमत नाही, आणि पाने लावणाऱ्यांचा हात तर तिच्यावरच बसलेला.

इच्छापोरच्या दुकानदाराने केलेली एक गोष्ट मात्र नशिबाने चांगली होती. त्याने नवे विंडोज कोरे बसवले, पण डिस्कचा तो भाग आधी पुसला नव्हता. असे केले की जुनी प्रणाली, जुन्या प्रोग्रॅमचे फोल्डर आणि वापरकर्त्यांच्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या एका फोल्डरमध्ये सरकवल्या जातात. हे फोल्डर जागा अडवते, म्हणून साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकते. आठव्या दिवशी फोन आला, याचे महत्त्व ते हे.

आम्ही फोनवरून काम सुरू केले. आधी त्याला दुसरे काहीही करू दिले नाही. ‘डिस्क क्लीनअप’ तर मुळीच नाही. पन्नासेक जीबी रिकामी जागा असलेली बाहेरची हार्ड डिस्क शेजाऱ्याकडून आणवली आणि ते अख्खे फोल्डर तिच्यावर उतरवले. उतरवताना काही फाइलींसाठी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. प्रशासक म्हणून ‘पुढे चला’ म्हटले की बहुतेक फाइली येतात. मग त्या फोल्डरच्या आतल्या ‘विंडोज’मधील ‘फॉन्ट्स’ उघडले. काकांचा फॉन्ट तिथे निमूटपणे बसलेला होता. त्यावर उजवी टिचकी, ‘इन्स्टॉल’, आणि फाइल पुन्हा उघडली. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. नंतर मावशीचा आला.

एक प्रकरण मात्र सापडत नव्हते. ते काकांनी कधीतरी नातवाच्या नावाच्या वापरकर्ता-खात्यात, डेस्कटॉपवर ठेवले होते. जुन्या फोल्डरमधील ‘युझर्स’मध्ये तेही मिळाले. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड मात्र परत आले नाहीत. मावशीला गॅस नोंदणीचे आणि विजेच्या बिलाचे असे दोन्ही पासवर्ड नव्याने घ्यावे लागले.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना हे भय नाही, पण एक किरकोळ त्रास आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १०पासून ‘पूरक’ मानले गेले. कोरे विंडोज बसवले की ते येतीलच असे नाही. मजकूर वाचता येतो, कारण ‘निर्मला’ हा फॉन्ट त्याची जागा घेतो. पण ओळी मागेपुढे होतात आणि चार पानांचा अर्ज पाच पानांवर जातो. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट शोधून बसवले की पाने पूर्ववत होतात.

बदल करण्याआधीची शोधाशोध

‘बॅकअप घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. कशाचा घ्यायचा, हे फारसे कुणी सांगत नाही. ‘डॉक्युमेंट्स’ आणि छायाचित्रे लोक घेतात. हरवते ते त्याबाहेरचे. फॉन्टचे वर आलेच. टॅली वापरणाऱ्यांचे हिशेब बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतात. जुन्या आवृत्तीत ते थेट सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. आउटलुकच्या जुन्या पत्रांची ‘पीएसटी’ फाइल अशीच कुठेतरी खोल असते. जीएसटी किंवा प्राप्तिकरासाठी डिजिटल स्वाक्षरी वापरणाऱ्यांचे प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्ये सुरक्षित असते, पण ते टोकन ओळखणारा ड्रायव्हर नव्या प्रणालीत पुन्हा बसवावा लागतो. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे लक्षात येऊ नये. टंकलेखनाची मराठी सॉफ्टवेअरे, त्यांचे परवाना-क्रमांक, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर यांची यादी कागदावर लिहून ठेवावी. कागदावर, कारण ती संगणकातच ठेवणारे मी पाहिले आहेत.

उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. काकांच्या बाबतीत हे आधी झाले असते, तर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसल्याने घोटाळा तिथेच दिसला असता आणि पुढचे सारे टळले असते. जुन्या फॉन्टमधील दस्तऐवजाची एक पीडीएफ प्रत अवश्य काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच गुंफला जातो. उद्या काहीही झाले तरी मजकूर निदान डोळ्यांनी वाचता येतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘वनड्राइव्ह’विषयी सावध राहावे. नवे विंडोज मांडताना ‘तुमच्या फाइली सुरक्षित करू का’ असे विचारून ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे वळवते. मग जुन्या जागी पाहणाऱ्याला फाइली नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की पुढचे चढत नाही. आणि जागा करण्यासाठी तिथून काही पुसले, तर ते संगणकावरूनही जाते. ही शेवटची गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

मोठ्या अपडेटमध्ये फाइली खरोखरच पुसल्या गेल्या, असेही एकदा घडले आहे. ऑक्टोबर २०१८च्या विंडोज १० अपडेटने ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, अशा काहींच्या मूळ जागी राहिलेल्या फाइली पुसल्या. मायक्रोसॉफ्टने ते अपडेट काही दिवसांतच मागे घेतले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा दिले. तेव्हापासून मी मोठे अपडेट आल्या दिवशी घेत नाही. महिनाभर इतरांना घेऊ देते. स्वार्थीपणा आहे, पण उपयोगी आहे.

संगणक नव्या प्रणालीस पात्र आहे का, हे मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा प्रोग्रॅम सांगतो. विंडोज ११ला ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, ‘सिक्युअर बूट’ची क्षमता आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. यात एक गंमत आहे. २०१८नंतर घेतलेल्या अनेक संगणकांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या पाटांवर त्याचे नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या पाटांवर ‘एफटीपीएम’. ते चालू केले की ‘अपात्र’ संगणक पात्र होतो. नवा संगणक घ्यायला निघालेल्यांनी आधी एवढे पाहून घ्यावे.

मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्क कूटबद्ध आहे का, ते तपासावे. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की कूटबद्धीकरण अनेकदा आपोआप सुरू होते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये बदल झाला की विंडोजला संशय येतो आणि पुढच्या वेळी ते ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागते. ही किल्ली नसेल तर फाइली कायमच्या बंद. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थांबले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा दुरुस्ती लांबण्याचे एक कारण हेच होते: उपाय ठाऊक होता, पण प्रत्येक संगणकाची किल्ली शोधावी लागत होती. घरच्या संगणकाची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, ‘डिव्हाइसेस’च्या पानावर असते. ती लिहून घ्यावी आणि कूटबद्धीकरण तात्पुरते स्थगित करूनच बायोसमध्ये जावे.

आणि वीज. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात दुपारी गडगडू लागले की पुढे काय होते, ते सांगायला नको. प्रणाली बसत असताना वीज गेली, तर डेस्कटॉप मधल्यामध्ये लटकतो. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटांची असेल तर तिचा भरवसा नको. घरातला इन्व्हर्टर असेल तर त्या जोडणीवर संगणक ठेवावा किंवा पावसाळा उलटू द्यावा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा.

मध्येच अडकले तर

सर्वांत मोठी चूक घाईने होते. टक्केवारी एका आकड्यावर तासभर थांबलेली दिसते आणि माणूस बटण दाबून संगणक बंद करतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एवढा वेळ लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे. दोन-तीन तास कसलीच हालचाल नसेल, तेव्हाच हस्तक्षेप करावा.

संगणक स्वतःहून मागे फिरला आणि त्रुटीचा क्रमांक दिला, तर तो टिपून ठेवावा. कारण बहुधा त्यातच असते. शेवटी ८००७००७० आले तर जागा अपुरी आहे. सी१९००१०१ने सुरू होणारा क्रमांक बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो: प्रिंटर, स्कॅनर, डाँगल, जादा पेन ड्राइव्ह काढून, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस विस्थापित करून पुन्हा प्रयत्न करावा, फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा जोडलेला असावा. सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम नव्या प्रणालीशी जुळत नाही. तो काढावा लागतो. माझ्या अनुभवात पहिलेच कारण सर्वाधिक भेटते आणि लोक नेमके त्याच्याकडे शेवटी वळतात.

नवे विंडोज बसले, पण पडदा काळाच राहिला किंवा संगणक पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला, तर सुरू होता होता तीनदा अडवल्यावर तो दुरुस्तीच्या पडद्यावर येतो. तिथून ‘सेफ मोड’मध्ये जाऊन नुकताच बसवलेला ड्रायव्हर काढता येतो किंवा शेवटचे अपडेट विस्थापित करता येते. या पडद्यावरही कधी विचित्र पेच पडतो. विंडोज १०चा आधार संपला त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज ११साठी आलेल्या अपडेटमुळे दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्तीचे दार उघडे, पण आत शिरायला हात नाहीत. २० ऑक्टोबरला त्यावर तातडीचे अपडेट आले. म्हणून विंडोजचा बूट होणारा पेन ड्राइव्ह आधीच तयार करून ठेवावा. तो किमान ८ जीबीचा लागतो आणि त्याच्यावरचे सारे पुसले जाते.

नवी प्रणाली रुचली नाही, तर मागे जाण्याचा मार्ग आहे. पण तो आतूनच वर चढवलेल्या आवृत्तीसाठी, कोऱ्या मांडणीसाठी नाही. सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’च्या पानावर ‘गो बॅक’चे बटण दहा दिवस असते. ही मुदत एका आज्ञेने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती पहिल्या दहा दिवसांतच द्यावी लागते. जागा मोकळी करण्याच्या भरात ‘विंडोज डॉट ओल्ड’ पुसले की हे बटण नाहीसे होते. इच्छापोरला कोरी मांडणी झाली होती, त्यामुळे बटण मुळातच नव्हते. फक्त ते फोल्डर होते, आणि तेही दोनच दिवसांचे सोबती.

अपात्र संगणकावर अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारी दुकाने आहेत. ते चालतेही. पण अशा संगणकांना अपडेट मिळत राहतील, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २०२४च्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून काही फार जुन्या प्रोसेसरांवर विंडोज सुरूच होत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप, तिच्याचवर पाणी सोडण्यासारखे हे आहे. शिवाय पात्र संगणकावर परवानाधारक विंडोज १० असेल, तर ११वर जाणे विनामूल्य आहे. दुकानातील ‘ॲक्टिव्हेट’ केलेल्या पेन ड्राइव्हची गरजच नाही.

ज्याला हात लावू नये

मावसभाऊ इच्छापोरच्या वसाहतीतच कामाला आहे. पुस्तक सापडल्यावर त्याने सहज विचारले, ‘‘मग कारखान्यातले संगणकही बदलून टाकायला सांगू का?’’ मी म्हटले, थांब.

सुरत परिसरात भरतकामाच्या यंत्रांचे नमुने, हिरा पैलू पाडण्याआधीचे नियोजन, कापडावरची छपाई अशी कामे यंत्राला जोडलेल्या संगणकांवर चालतात. अशा सॉफ्टवेअरचा परवाना अनेकदा एका डाँगलमध्ये असतो. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात येते. ३२-बिटचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर बहुधा चालतात. पण ३२-बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि १६-बिटचे प्रोग्रॅम तर अजिबात नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर उघडते, डाँगल ओळखला जात नाही, यंत्र थांबते. काही जुने डाँगल समांतर पोर्टचे. ते लावायला नव्या संगणकावर खाचच नसते. (हे दुःख विंडोजपुरते नाही. २०१९ साली ॲपलच्या ‘कॅटलिना’ने ३२-बिटचे सारेच प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले.) मराठी टंकलेखनाचे जुने डाँगल आणि पेजमेकरवरच्या फाइली असलेल्या छापखान्यांची गत हीच. यंत्र बनवणाऱ्याकडून नव्या प्रणालीचा ड्रायव्हर मिळाल्याशिवाय असा संगणक बदलू नये. तो इंटरनेटपासून तोडावा, त्यावर ईमेल वा बँक उघडू नये, नमुने नेण्या-आणण्यासाठी एकच तपासलेला पेन ड्राइव्ह ठेवावा, आणि त्याच्या संपूर्ण डिस्कची एक प्रतिमा काढून बाजूला ठेवावी. हार्ड डिस्क मरते तेव्हा सूचना देऊन मरत नाही.

घरातला जुना, अपात्र संगणक फक्त ब्राउझर, पत्रे आणि चित्रपटांपुरता असेल, तर लिनक्स हा प्रामाणिक पर्याय आहे. केरळमधील शाळांचे संगणक कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. आपल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली घडवली आहे. बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हवरून ती न बसवता चालवून पाहता येते. आवाज, वाय-फाय, प्रिंटर जमले तरच पुढे जावे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी मात्र ऑगस्ट २०२४ आठवावा. तेव्हाच्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने अशा अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होणेच थांबवले होते.

काकांच्या पुस्तकाचे पुढे काय, हा प्रश्न उरला होता. फॉन्ट मिळाला, तरी मुखवटा तो मुखवटाच. म्हणून सारा मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरले. त्यासाठी परिवर्तक साधने मिळतात, पण काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे लागतो. परिवर्तकाला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते, आणि जोडाक्षरांत तो चुकतो. सर्वांत वाईट म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक त्याला कळत नाही. तेरेखोलच्या मुखाशी काकांनी पाहिलेला समुद्र परिवर्तनानंतर डोंगरांमधल्या दऱ्या होऊन बसला होता. ‘ॲ’ आणि ‘ङ’ यांचीही हीच दैना.

टंकलेखनाचा पेच आणखी निराळा. काकांचे हात टंकलेखन यंत्राच्या रचनेवर बसलेले. विंडोजमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट रचना आणि २०१९पासून उच्चारानुसारी ‘फोनेटिक’ कीबोर्ड अंगभूत आहे. टंकलेखन यंत्राची रचना नाही, तिच्यासाठी वेगळे साधन बसवावे लागते. ते बसवून दिले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवा कीबोर्ड शिकायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही.

आता काका जुन्या फॉन्टमधली पीडीएफ छापून शेजारी ठेवतात आणि नव्या फाइलीशी ओळीने ओळ ताडून पाहतात. परवा त्यांचा फोन आला तेव्हा ते एकशे बाराव्या पानावर होते. ‘‘इथं ‘दशावतारी’ची वेलांटी मागच्या अक्षरावर गेलीय,’’ ते म्हणाले, ‘‘ती कशी हलवायची, तेवढं सांग.’’